पुढच्याचं चाक

पहिले तीन महिने माझ्या दोन्ही करंगळ्या बधिर असायच्या. राइड संपवून घरी आलं की कुलपात किल्ली फिरेना; डाव्या हातानं उजव्या हाताला धरून ती फिरवायची. मला वाटायचं, रोड सायकल म्हटल्यावर हे असंच. वाकून बसायचं, हातांवर भार येणार, सवय झाली की जाईल. सवय काही झाली नाही. मग कधीतरी कळलं की तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं एक नस जाते, हँडलवर रेलून बसलं की ती दबते आणि करंगळी-अनामिका झोपी जातात. आणि मी रेलत होते, कारण सायकल माझ्या मापाचीच नव्हती. दुकानदारानं ५४ ची फ्रेम 'चालून जाईल' म्हणत गळ्यात मारली होती, मला हवी होती ५१. पण रंग बघून हो मीच म्हटलं होतं, त्यामुळे सगळं त्याच्या माथी मारत नाही.

सायकल बदलणं परवडणारं नव्हतं. म्हणून हँडल पुढे धरून ठेवणारा स्टेम बदलला, ११० मिलिमीटरचा काढून ८० चा लावला. दुसरी चूक तर माझ्याच हातची होती. टोचतं म्हणून मी सीटचं नाक खाली झुकवून ठेवलं होतं. तेवढ्या उतारावरून अंग सतत पुढे घसरायचं आणि ते थोपवायचं काम हात करायचे. सीट पाण्याच्या पातळीसारखी सपाट केली. उंचीसाठी भिंतीला धरून सायकलवर बसले, टाच पेडलवर ठेवली, पेडल पार खाली नेलं. पाय सरळ होईल इतकी सीट वर घेतली. मग टाचेच्या जागी चवडा आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप उरतो. पंधरा दिवसांत करंगळ्या जाग्या झाल्या.

हे सगळं वयाच्या ४१ व्या वर्षी चाललं होतं. शाळेत सायकल चालवलेली, त्यामुळे 'सायकल येते' हा माझा पक्का समज होता. पुढची दोन वर्षं तो समज एकेक पापुद्रा सुटावा तसा सुटत गेला.

सामानाबद्दल माझी मतं आता ठाम आहेत. सायकलच्या वजनावर लोक तासन्‌तास बोलतात. आंतरराष्ट्रीय शर्यतींमध्ये ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही, माझी ९.४ किलोची आहे. मधल्या अडीच किलोंपायी माणसं बोल्ट बदलतात, बाटलीचा पिंजरासुद्धा कार्बनचा आणतात आणि मग त्यात पाऊण लिटरची भरलेली बाटली खोचतात. एक नव्हे, दोन. तो दीड किलो कुणी मोजत नाही. माझ्या मते पैसे आधी बिब शॉर्ट्‌सवर घालवावेत. खांद्यावरून पट्टे असलेली, बसायच्या जागी गादी शिवलेली ती घट्ट पँट. पहिल्यांदा मी ती आतले कपडे घालून वर चढवली. चाळीस किलोमीटरनंतर शिवणीनं कुठे कुठे सोलून निघालं ते लिहिण्यासारखं नाही. ती थेट अंगावर घालायची असते, ही गोष्ट पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापायला हवी.

दुसरी गोष्ट हवेची. माझी समजूत अशी की टायर दगडासारखा कडक तर सायकल पळते भारी. २५ मि.मी.च्या टायरमध्ये मी ११० पीएसआय भरायचे. खडबडीत रस्त्यावर दात वाजायचे आणि मला वाटायचं, वाः, काय वेग! खरं तर असा टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, आणि पुढे न्यायची ताकद माणसाला हलवण्यातच खर्ची पडते. आता २८ चे टायर आहेत, मागे ७० आणि पुढे ६५. रस्ता तोच, पण कुणीतरी रात्रीतून सारवून ठेवल्यासारखा वाटतो. हवा भरायच्या नळीचीही एक गंमत आहे. प्रेस्टा व्हॉल्व्हच्या टोकाला इवलीशी चकती असते, ती आधी सैल करावी लागते. हे माहीत नसल्यानं मी एक अख्खी सकाळ पंपाशी कुस्ती खेळले आणि शेवटी व्हॉल्व्हचा दांडा वाकवून ठेवला.

पंक्चर काढणं आपलं आपण शिकावं लागतं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. एवढंच, की नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापूस फिरवावा. बोटाला न सापडणारी तार कापसाला अडकते. मी एकदा हे केलं नाही आणि दहा मिनिटांत दुसरी ट्यूब गेली.

पेडलला बूट अडकवायच्या प्रकाराला 'क्लिपलेस' म्हणतात, आणि पहिल्या दिवशी या नावानंच डोकं फिरतं. बूट तर चांगला खटकन क्लिप होतो! कारण असं की पूर्वी पेडलवर पुढच्या बाजूला पिंजरा आणि पट्टा असायचा, त्याला टो-क्लिप म्हणत. तो गेला म्हणून हे क्लिपलेस. लूक या कंपनीनं बर्फावरच्या स्कीच्या बुटांची पकड सायकलच्या पेडलवर आणली. १९८५ ची तूर द फ्रान्स बर्नार्ड इनो ती पेडलं लावून जिंकला आणि पट्ट्यांचे दिवस भरले. बूट सोडवायला टाच बाहेर वळवायची असते. ती वळवायची आठवण न राहून थांबलेल्या सायकलवरून आडवं होणं सगळ्यांचं सारखंच असतं, तेव्हा माझं सांगत नाही.

पहिले सहा-सात महिने एकटीच चालवत होते. गिअरचं गणित त्या काळात पायांत उतरलं. माझ्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आहेत, मागे ११ ते २८. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पेडलचा एक फेरा मारला की सायकल अडीच मीटर जाते, सगळ्यात जड गिअरमध्ये साडेनऊ. मी हट्टानं जड गिअर लावून मिनिटाला पन्नास-पंचावन्न फेरे मारायचे. मांड्या भरून यायच्या, म्हणजे व्यायाम झाला असं वाटायचं. गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागलं तेव्हा गिअर हलका केला आणि फेरे ८५ वर नेले. सुरुवातीला धापच लागली, उंदीर चाकात पळतोय तसं वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी जिना उतरता येऊ लागला.

त्याच काळात एकदा ७१ व्या किलोमीटरला माझं पेट्रोल संपलं. सकाळी काही न खाता निघाले होते, वजन उतरेल म्हणून. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जोरकस मेहनतीत दीड-दोन तासांत संपत येते, हे वाचलेलं होतं. वाचलेलं कामी आलं नाही. पाय दुखत नव्हते. ते माझे नव्हतेच. रस्त्याकडेला उभी राहून मी ९२ मधून ७१ वजा करायचा प्रयत्न करत होते आणि मला ते येत नव्हतं. शेवटी बोटं मोजली. अजून एकवीस किलोमीटर आहेत हे कळल्यावर रडू आलं, आणि रडू आल्याचं हसूही आलं. आता दर अर्ध्या तासाला मनगटावरचं घड्याळ टीक करतं आणि भूक असो-नसो, मी काहीतरी तोंडात टाकते.

एकटीनं चालवणाऱ्याला आकड्यांचा नाद लागतोच. मलाही लागला. त्यातला एक आकडा मात्र मला मनापासून आवडतो. आइनस्टाइनच्या सिद्धांताची १९१९ च्या सूर्यग्रहणात परीक्षा घेणारे खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन सायकलवेडे होते. त्यांनी स्वतःसाठी एक मोजमाप काढलं: जितके दिवस तितके मैल. म्हणजे तुमचा आकडा ५० असेल तर तुम्ही किमान ५० दिवस, प्रत्येक दिवशी किमान ५० मैल सायकल चालवलेली असते. एडिंग्टन ८४ पर्यंत पोचले होते. यात लबाडी अशी की आकडा वाढवायला निघालात की जुन्या छोट्या राइड्स हिशेबातून गळतात. माझा आकडा ५८ आहे, तोही मैलांत नव्हे, किलोमीटरमध्ये.

मग एका रविवारी ग्रुपबरोबर गेले.

पंधरा-सोळा जण होते. कुणी काही समजावलं नाही, निघालो. मी सगळ्यात मागे, नम्रपणे. सपाट रस्ता, वेग ३०. मला एकटीला २५ च्या वर दम लागायचा, आणि इथे मी गप्पा मारू शकत होते. वाटलं, आपण तर फारच तयार झालोय. अकराव्या किलोमीटरला एक लहानसा पूल आला. त्याच्या चढावर मी बेसावध राहिले आणि पुढच्या सायकलीत आणि माझ्यात तीन सायकलींचं अंतर पडलं. त्याच क्षणी छातीवर कुणीतरी हात ठेवून मागे रेटल्यासारखं झालं. मी जीव तोडून पेडल मारत होते आणि ते अंतर तीनाचं पाच, पाचाचं दहा होत होतं. दोन मिनिटांनी ते सगळे एक रंगीत ठिपका झाले.

सपाटीवर या वेगात बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. वारा पडलेला असतानासुद्धा वेग दुप्पट करायचा तर हवेपायी लागणारी ताकद आठपट होते. पुढच्याच्या पाठीमागे ही हवा आधीच फुटलेली असते, म्हणून मागच्याची तिसऱ्या हिश्श्याइतकी मेहनत वाचू शकते. म्हणजे ते अकरा किलोमीटर मी चालवलेच नव्हते, मला आणलं गेलं होतं.

पुढच्या रविवारी परत गेले आणि या वेळी पुढच्याचं चाक सोडायचंच नाही असं ठरवलं. त्याच्या मागच्या चाकावर डोळे रोवून बसले. ३० च्या वेगाला सायकल सेकंदात आठ मीटरच्या वर जाते, म्हणजे मधलं अर्धा मीटर अंतर हा सेकंदाचा सतरावा हिस्सा झाला. त्याहून जास्त वेळ तर पापणी लवायला लागतो. मी दर दोन मिनिटांनी घाबरून ब्रेक दाबायची, मग अंतर पडायचं, मग ते भरून काढायला उसळी मारायची, मग पुन्हा ब्रेक. माझ्या मागे एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी होती. तिनं बराच वेळ सोसलं. मग शेजारी येऊन, जराही दम न लागता, म्हणाली, "काकू, चाकाकडं नका बघू."

'काकू' हा शब्द आधी गिळावा लागला.

"मग कुठं बघू?"

"खांद्यावरून पलीकडं. त्याच्या पुढचा काय करतोय ते बघा. आणि ब्रेक नका ना लावू दर वेळी. जवळ गेलात तर जरा ताठ बसा. छातीला वारा लागला की वेग आपोआप उतरतो."

मी ताठ बसले. वेग उतरला, ब्रेक न लावता, कुणाला न कळता. परत वाकले, जवळ गेले. इतकी साधी गोष्ट, आणि माझ्यासाठी ती सायकलला नवीन गिअर मिळाल्यासारखी होती.

कान वापरायलाही तिनंच शिकवलं. पेडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला गाभा, किर्र वाजू लागतो. प्रत्येक सायकलची किर्र निराळी, एखादी रातकिड्यासारखी, एखादी नुसती टिकटिक. पुढून तो आवाज आला की समजायचं, गडी थांबला, आता तो मंदावणार. डोळ्यांना फरक दिसायच्या आधी कानाला कळतं. म्हणून मागच्याला दचकवायचं नसेल तर पेडल थांबवायचंच नाही, जोर काढून घ्यायचा आणि पाय पोकळ फिरवत ठेवायचे.

एवढं शिकूनही पडायची ती पडलेच. चूक माझीच. कंटाळून मी थोडी बाजूला सरकले आणि माझं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी जाऊन बसलं, एक वीतभर. त्यानं दगड चुकवायला हँडल जरासं वळवलं. झर्र असा रबरावर रबर घासल्याचा आवाज, आणि मी जमिनीवर. अशा वेळी मागचाच पडतो, कारण त्याचं वळतं चाक अडतं. पुढच्याला बहुतेक वेळा नुसता धक्का जाणवतो. तो गृहस्थ पन्नास मीटर पुढे जाऊन थांबला, "काय झालं?" म्हणत. कोपर सोललं, नितंबाच्या हाडावर ताटलीएवढा काळानिळा डाग. हेल्मेटला आतून केसाएवढी चीर गेली होती. बाहेरून ते अगदी नवं दिसत होतं आणि मला ते टाकवेना. पण आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो. दबला की त्याचं काम संपलं. कात्रीनं पट्टे कापून टाकून दिलं, म्हणजे दुसरं कुणी वापरायला नको.

बरी होऊन परतले तेव्हा पुढे जायची पाळी घेऊ लागले. पहिल्याच पाळीला नाक कापून घेतलं. इतके दिवस दुसऱ्यांच्या आडोशाला बसल्याची भरपाई करायची म्हणून मी पुढे आले आणि जोर लावला, २९ चा वेग ३४. अर्धा मिनिट फार सुंदर वाटलं. मागून किर्र नाही, गप्पा नाहीत, काही नाही. वळून बघते तर पहिले दोघं लांब आणि बाकीचे त्याहून लांब. मागून ओरडा आला, "अहो, कुणाला दाखवताय?" पुढच्यानं पाच किलोमीटरचा वेग वाढवला की शेवटच्याला रबर ताणल्यासारखं धावावं लागतं, आणि जे दमलेले असतात ते तिथेच तुटतात. पुढे आल्यावर आधीच्या माणसाचाच वेग धरायचा. जोर जास्त लागणारच, वारा आता आपल्या अंगावर असतो. पण वेगाचा काटा हलता कामा नये. आणि दमायच्या आधी, मागे नजर टाकून, कोपर हलवून बाजूला व्हायचं. मला हे कंटाळवाणं वाटलं होतं. ग्रुपमध्ये ज्यांना सगळे मानतात ते दोघं-तिघं असेच कंटाळवाणे चालवतात. उसळी नाही, झटका नाही. खड्डा आला की हात खाली, उभी गाडी आली की पाठीमागे हात फिरवून बाजूला व्हायची खूण, आणि पेडल चालूच.

चढाला उभं राहताना सायकल वीतभर मागे येते, हेही मला कुणीतरी माझं चाक ठोकता ठोकता वाचल्यावर कळलं. उभं राहताना एक जोरकस पेडल देऊन उठायचं, म्हणजे ती मागे येत नाही. अशा बारीकसारीक गोष्टींची यादी संपत नाही. मागचा माणूस आपल्या पाठीकडे बघून चालवतोय हे एकदा डोक्यात बसलं की त्या सुचत जातात.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला नाव घातलं. ही शर्यत नसते. साडेतेरा तासांत पोचायचं, वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा, नंबर-बिंबर काही नाही. जेमतेम पोचलेला आणि पहिला आलेला, दोघांची नावं एकाच यादीत. सोबतीला पाठीमागून गाडी आणायची नाही, काय मोडलं ते आपलं आपण बघायचं. पहिली शंभर किलोमीटर वारा पाठीशी होता आणि सगळे आपापल्या कर्तृत्वावर खूश होते. परत फिरलो आणि तोच वारा तोंडावर आला. २८ चा वेग १९ वर. परतीचा साडेतीन तासांचा हिशेब डोळ्यांदेखत पाचावर जाऊ लागला.

१२० च्या आसपास आम्ही पाच जण एकत्र आलो. तिघं ओळखीचे नव्हते. पाचवी ती मुलगी, टायर फाटल्यामुळे मागे पडलेली. कुणी काही ठरवलं नाही. तीन-तीन मिनिटं पुढे राहायचं, कोपर हलवायचं, बाजूला होऊन मागे यायचं. पहिल्या तासात एकमेकांच्या किर्रच्या ओळखी झाल्या. एकाचा हब खडखडा वाजायचा, एकाला पुढे आलं की जोर लावायची खोड होती, तिसऱ्याच्या कार्यक्रमात चढाला उभं राहणं ठरलेलं. १६० नंतर कुणी बोलेनासं झालं. माझ्या डोळ्यांसमोर सगळा वेळ एका अनोळखी माणसाची पाठ होती. जर्सीच्या मधल्या खिशात अर्धवट कोंबलेली निळी पिशवी वाऱ्यानं फडफडत होती आणि ती पिशवी मी आजही ओळखीन. त्याचा चेहरा मी एकदाच पाहिला, ठाण्यावर.

शेवटचे वीस किलोमीटर ती मुलगी माझ्या मागे होती. तिला पाळी घ्यायला जमत नव्हतं, पाय संपले होते. मी माझ्या तीन मिनिटांची चार केली, मग पाच. वेगाचा काटा १९ वरून हलू दिला नाही. पेडल एकदाही थांबवलं नाही. वाऱ्याच्या झोतात मागून तिच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि तिच्याही चाकाची किर्र पूर्ण वीस किलोमीटरमध्ये एकदासुद्धा आली नाही.

११ तास ५२ मिनिटं. कार्डावर शेवटचा शिक्का बसला. मी सायकल भिंतीला लावून जमिनीवरच बसले. ती लंगडत आली, शेजारी फतकल मारून बसली, बराच वेळ काही बोलली नाही. मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू.

"काकू," शेवटी ती म्हणाली, "तुमची चेन वाजतेय. दीडशेपासून वाजतेय."

रात्री आंघोळीच्या आधी चेन उतरवली. जुन्या टूथब्रशनं घासली, कोरडी केली, प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब तेल सोडलं आणि वरचं पुसून घेतलं. पेडल हातानं उलटं फिरवून कान लावला. अजून एक बारीक चूंचूं येत होती. गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरच्या खालच्या चक्रीतून येत असावी. ती उद्या बघू म्हटलं, आणि मग नाहीच राहवलं.